तिसरे पॅकिंग घालण्याआधी

मॅनिफोल्डचे पॅकिंग एकदा गेले तर बदलावे. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेले तर हलक्या मालाला दोष द्यायला हरकत नाही. तिसऱ्यांदा गेले की मात्र हातातला पाना खाली ठेवावा आणि गाडीकडे नीट बघावे. ही पुस्तिका त्या तिसऱ्या वेळेसाठी आहे. पहिल्या वेळेला पुस्तक लागत नाही. गिरगावपासून लालबागपर्यंत कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजातला पोरगा ते काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकून देतो.

विषय तसा छोटा आहे. इंजिनाच्या हेडमध्ये जळका वायू बाहेर सोडणारी भोके असतात. त्यांवर मॅनिफोल्ड बसते. ते चारही सिलिंडरांचा वायू गोळा करून खालच्या बेंड पाइपात सोडते आणि तिथून तो सायलेन्सरकडे जातो. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, तसेच मॅनिफोल्ड आणि बेंड यांच्यामध्ये पातळ गॅस्केट असते. गॅरेजात त्याला कोणी गॅस्केट म्हणत नाही, पॅकिंगच म्हणतात. मीही पुढे तेच म्हणणार आहे. या पॅकिंगने सहन काय करायचे? नुसत्या चालू इंजिनात तीन-चारशे अंश सेल्सिअसचा वायू, आणि घाटात पाय दाबून गाडी चढवली की आठशेच्या वरचा. प्रत्येक स्फोटागणिक दाबाचा एक धक्का. संध्याकाळी गाडी बंद केली की हे सगळे निवते आणि आकसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कंपनीतून आलेल्या गाडीत हे पॅकिंग वर्षानुवर्षे टिकते, कारण आजूबाजूच्या प्रत्येक भागाला किती हलू द्यायचे आणि कुठे धरायचे याचा हिशेब कुणीतरी आधी केलेला असतो. गाडीत बदल केला की तो हिशेब मोडतो. नवा हिशेब मांडल्याशिवाय नवे पॅकिंग घातले तर तेही जाणार.

‘बदल केलेली गाडी’ म्हटले की रात्री मरीन ड्राइव्हवर फटफट आवाज करत जाणारी, मोठ्या तोंडाच्या सायलेन्सरची गाडी डोळ्यांसमोर येते. तशा गाड्यांबद्दल पुढे येईलच. पण या शहरातला सर्वांत मोठा बदल हौशी पोरांनी केलेला नाही, टॅक्सीवाल्यांनी केला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी झालेली गाडी, काळा-पिवळा रंग लेवून मुंबईभर फिरत होती. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि शहरात सीएनजीचे पंप दिसू लागले. हवेच्या प्रदूषणाबद्दलच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ च्या डिसेंबरात व्ही. एम. लाल समिती नेमली, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर यावेच लागले. पेट्रोल आणि कार्ब्युरेटरसाठी आखलेल्या इंजिनावर डिकीतल्या टाकीतला गॅस सोडायचा, हा काही लहान बदल नाही. तो हजारो गाड्यांवर झाला, आणि बराचसा रस्त्याकडेच्या कामगारांच्या हातून झाला. त्यातून जे ज्ञान जमले ते कुणी लिहून ठेवले नाही, याची मला खंत आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर तिचे मेकॅनिकही पांगले.

सीएनजीचा आणि पॅकिंगचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध ठिणगीचा आहे. सीएनजीची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते. त्यामुळे ठिणगी थोडी आधी पडायला हवी, म्हणजे पिस्टन खाली जायच्या आत जळण उरकते. पद्मिनीला संगणक नव्हता. डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग लावायचे. पेट्रोलला सोसेल असे लावले तर गॅसवर उशीर होतो, आणि गॅसला सोसेल असे लावले तर पेट्रोलवर इंजिन ठोकू लागते. बहुतेक टॅक्सी कुठेतरी मध्ये थांबलेल्या असायच्या. उशिरा पेटलेला वायू जळता जळताच एक्झॉस्ट वाल्वमधून बाहेर येतो. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती मॅनिफोल्डमध्ये येऊन बसते. गाडी ओढत नाही, मॅनिफोल्ड लाल होते आणि पॅकिंग जळते. मालक म्हणतो पॅकिंग खराब. जाणता मेकॅनिक टायमिंग लाइट मागतो. मिश्रण पातळ झाले, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त झाली, तरी मॅनिफोल्ड असेच तापू शकते. आज कारखान्यातून निघणाऱ्या सीएनजी गाड्यांत हे संगणक सांभाळतो. पण बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत टायमिंग पुढे घेणारे छोटे यंत्र पैसे वाचवण्यासाठी गाळलेले असते, आणि मग जुनाच आजार नव्या गाडीत दिसतो. म्हणून या पुस्तिकेचे पहिले प्रकरण पॅकिंगवर नाही, टायमिंग आणि मिश्रणावर आहे. वाचकाने ते ओलांडून पुढे जाऊ नये.

आता हौशी गाड्या. यांत सर्वांत आधी बदलते ते मॅनिफोल्ड. कंपनीचे बिडाचे, जाड, जड मॅनिफोल्ड काढायचे आणि त्याजागी चार लांब नळ्यांचे स्टेनलेसचे हेडर बसवायचे. वायू मोकळा सुटतो, वरच्या फेऱ्यांना गाडी थोडी जास्त पळते, आवाज बदलतो. माझे त्याला काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते फ्लँजबद्दल, म्हणजे हेडला टेकणाऱ्या पट्टीबद्दल.

धातू तापला की लांबतो, आणि प्रत्येक धातू वेगळा लांबतो. चाळीस सेंटीमीटर लांबीची स्टेनलेसची फ्लँज तीनशे अंशांनी तापली तर ती साधारण २ मिलिमीटर लांबते. ती ज्यावर बसली आहे ते ॲल्युमिनियमचे हेड मात्र पाण्याने थंड राखलेले. ते ऐंशी अंशांनी तापते आणि सुमारे ०.७ मिलिमीटर लांबते. दोघांत सव्वा मिलिमीटरचा फरक पडला. मधला स्टड जागेवर धरला तर दोन्ही टोकांना सहा-साडेसहा दशांश मिलिमीटर सरकायला जागा हवी. हेडरवाल्याने ८ मिलिमीटरच्या स्टडसाठी ८.५ चे भोक पाडलेले असते. बाजूला जागा उरते पाव मिलिमीटर. मग पुढे काय होणार? फ्लँज टोकाच्या स्टडला रेटते, स्टड वाकतो, निवताना उलटा ओढला जातो. असे शे-दोनशे वेळा झाले की एक तर स्टड तुटतो, नाहीतर नट सैल पडतो, नाहीतर फ्लँज धनुष्यासारखी वाकून टोकांना उचलली जाते. तुम्ही कधी लक्ष दिले असेल तर टोकाचा स्टड आधी तुटतो, मधला क्वचित. कंपनीच्या मॅनिफोल्डला मधली भोके बेताची आणि टोकाची भोके मोठी किंवा लांबट असतात, ती उगाच नाहीत. हेडरची फ्लँज दोन बंदरांच्या मधून कापून तिचे सुटे तुकडे करणे हा त्यावरचा एक उपाय. कापलेली फ्लँज दिसायला अर्धवट कामासारखी वाटते, म्हणून मालक हरकत घेतात. त्यांना ही दोन मिलिमीटरची गोष्ट समजावून सांगा.

(बंदर हा शब्द मी सिलिंडरच्या वाल्वमागच्या वाटेसाठी वापरला आहे. गॅरेजात पोर्ट म्हणतात. पुस्तिकेत दोन्ही सापडतील.)

फ्लँज वाकण्याचे दुसरे कारण ती बनतानाच तिच्यात शिरलेले असते. सहा मिलिमीटरच्या पत्र्यावर चार नळ्यांचे वेल्डिंग केले की पत्रा ओढला जातो. चांगला वेल्डर ती आधी जाड लोखंडी पाटावर बोल्टने जखडतो, थोडे थोडे टाके उलटसुलट मारतो, निवू देतो आणि मगच पाटावरून सोडतो. सोडल्यावर ती फेसिंगला, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करायला, जायलाच हवी. दहा-बारा मिलिमीटरची जाड फ्लँज घेतली तर निम्मा त्रास सुरुवातीलाच कमी होतो. आपल्याकडे बाजारातून आलेले हेडर फेसिंग न करताच चढवले जाते आणि वर शंका नको म्हणून दोन पॅकिंगे एकावर एक घालतात. दोन पॅकिंगे म्हणजे गळायला दुप्पट जागा. ही सवय इतकी पसरली आहे की मी तिच्यावर वेगळे पान खर्च केले आहे.

फेसिंगचे काम करणारी माणसे या भागात होती, आणि उत्तम होती. परळ-लालबागच्या गिरण्यांना फिटर, टर्नर, बॉयलरवाले लागत. जवळच जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये उभारलेला परळचा कारखाना, लोअर परळला डबे दुरुस्तीचा कारखाना. चाळीतल्या एका मजल्यावर लेथ चालवणारे चार-दोन तरी सापडत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि यांतल्या काहींनी लहान गाळ्यांत स्वतःचे लेथ टाकले. वाफेच्या पाइपांचे जोड ज्यांनी सांभाळले त्यांना गरम जोडाचा स्वभाव कोणी शिकवावा लागत नव्हता. नवा जोड पहिल्यांदा तापून निवला की पुन्हा पाना लावून बघायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. गाडीच्या मॅनिफोल्डलाही तोच नियम आहे आणि नेमका तोच आज पाळला जात नाही. नवे पॅकिंग दबून बसते, स्टड किंचित ताणला जातो, पकड सैलावते. पहिल्या तापण्यानंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणायचे, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना. आठ मिलिमीटरच्या स्टडला बहुतेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास ताण सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा. अंदाजाने जोर काढणाऱ्याचा हात बहुतेकदा याच्या कितीतरी पुढे जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे खेचून काढतो. गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी परत बोलावणे गॅरेजला परवडत नाही, असे मालक सांगतात. तिसऱ्यांदा फुकट पॅकिंग बदलून देणे कसे परवडते, ते मला कोणी सांगितलेले नाही.

लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे आता कचेऱ्या आणि उपाहारगृहे झाले. लेथ शहराबाहेर गेले. मॅनिफोल्ड फेसिंगला पाठवायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून ते पाठवलेच जात नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज एवढ्या दोन वस्तू गॅरेजात असल्या तरी निम्मे वाद मिटतील. पट्टी फ्लँजवर उभी धरा आणि खालून ०.१ मिलिमीटरचे पाते जाते का बघा. जात असेल तर मी ती फेसिंगशिवाय परत चढवत नाही. पोलादी पापुद्र्यांचे पॅकिंग घालायचे असेल तर याहूनही कडक असावे लागते, कारण ते खाचखळगे भरून काढत नाही. हेडची बाजूही अशीच तपासावी. लोक मॅनिफोल्ड तपासतात आणि हेड विसरतात.

पण माझ्या मते वारंवार गळणाऱ्या गाड्यांतला मोठा वाटा वरचा नसतो, खालचा असतो. पॅकिंग वर फुटते आणि कारण गाडीच्या पोटाखाली लोंबत असते. आडवे बसवलेले इंजिन गिअर टाकताना आणि पाय सोडताना पुढे-मागे डुलते. सायलेन्सर मात्र बॉडीला टांगलेला असतो. या दोघांमध्ये कंपनी एक जाळीचा लवचिक पाइप किंवा स्प्रिंगवर बसवलेला गोल जोड देते, जो हे डुलणे गिळतो. हौशी गाडीत मोठ्या व्यासाचा पाइप घालताना हा तुकडा पहिला वगळला जातो, कारण त्या मापाचा महाग मिळतो. सरळ पाइप वेल्ड करून टाकतात. आता इंजिन डुलले की अख्ख्या पाइपाची तरफ होते आणि तिचे टोक मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर येते. वर फ्लँज कितीही सपाट असो, स्टड कितीही नवे असोत, ती तरफ त्यांना पुरून उरते. उष्णतेचा हिशेब इथेही आहेच. एक मीटर स्टेनलेसचा पाइप चारशे अंशांनी तापला तर जवळपास सात मिलिमीटर लांबतो. ते सात मिलिमीटर कुठे जाणार? इंजिनाचे माउंटिंग खचलेले असेल, किंवा जास्त घट्ट माउंटिंग घालून त्यातली उरलीसुरली लवचिकता काढून टाकली असेल, किंवा सायलेन्सरचे एखादे हँगर रबर तुटून सगळे वजन पुढे आले असेल, तर दोष आणखी वाढतो. तपासणी सोपी आहे. बेंडचे नट सोडा. पाइप आपणहून जागेवर राहिला तर ठीक. टुणकन एका बाजूला गेला, तर तो आजवर नटांच्या जोरावर खेचून धरलेला होता आणि तो जोर पॅकिंगवर पडत होता.

या भागात आणखी एक शत्रू आहे, आणि तो दर जूनला येतो. हिंदमाता चौकात पाणी भरते. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्सच्या मैदानाखाली पालिकेने पाण्याच्या टाक्या बांधल्यापासून ते लवकर ओसरते, पण मुसळधार पावसात भरतीची वेळ आली की गाड्या अजूनही गुडघाभर पाण्यातून काढाव्या लागतात. दादरकडून तासभर रखडत आलेल्या गाडीचा बेंड आणि मॅनिफोल्ड शेकडो अंश तापलेले असतात. त्यांवर एका बाजूने गार पाणी उडते. बीड तडकू शकते, पातळ नळ्या वाकतात, पॅकिंग एका बाजूने सुटते. कंपनीच्या गाडीत मॅनिफोल्डवर पत्र्याचे कवच असते. हेडर बसवताना ते बसत नाही म्हणून काढून ठेवतात आणि ते भंगारात जाते. त्यातच गाडी जमिनीलगत खाली उतरवलेली असेल तर पाइप आधी पाण्यात, मग गतिरोधकावर. पावसाळ्यात येणाऱ्या गळतीच्या गाड्यांना पहिला प्रश्न विचारावा: कुठून आलात?

पॅकिंग कशाचे घ्यावे, याची उत्तरे दुकानात वेगवेगळी मिळतात. नागदेवी स्ट्रीटवर शीट मिळते, पंच मिळतात, नट-बोल्ट, स्टड हवे तसे मिळतात. ऑपेरा हाऊस-ग्रँट रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत चालू गाड्यांची तयार पॅकिंगे मिळतात. जुन्या गाडीचे मिळाले नाही तर शीट फ्लँजवर ठेवून बॉलपीन हातोडीने कडेकडेने ठोकत कापायची, ही रीत अजून जिवंत आहे आणि नीट केली तर काही वाईट नाही. फक्त भोक पोर्टापेक्षा किंचित मोठे असावे. आतली कड वायूच्या वाटेत आली की ती आधी जळते आणि तिथून गळती पसरत जाते. ग्राफाइटचे पॅकिंग मऊ असते आणि खडबडीत जागाही भरून काढते, पण हवा लागली तर साडेचारशे अंशांच्या पुढे ते हळूहळू उडून जाऊ लागते. म्हणून एकदा गळू लागलेले ग्राफाइट पुढे झपाट्याने संपते. पोलादी पापुद्र्यांचे सर्वांत टिकाऊ, पण दोन्ही बाजू सपाट असतील तरच. तांब्याचे मला आवडते. तांबाकाट्याला पत्रा मिळतो. कापून लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे, म्हणजे ते मऊ होते. चेपून कडक झाले की पुन्हा तापवून मऊ करता येते. नळीतून येणारे लाल सिलिकॉन हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये चोपडू नये. तिथल्या उष्णतेत ते टिकत नाही, आणि जळून गेले की त्याच्या जाडीएवढी सैल जागा मागे राहते.

जुन्या गाड्यांवरच्या करड्या, कागदी दिसणाऱ्या पॅकिंगबद्दल मात्र कडक बोलायला हवे. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे खरवडू नका, वायर ब्रश लावू नका, हवेच्या दाबाने उडवू नका. पाण्याने पूर्ण भिजवून ओलेच काढा आणि पिशवीत बांधून टाका. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार वर्षानुवर्षांनी बाहेर येतो. ज्या पोराने आज खरवडले त्याला तोवर हे कामही आठवत नसेल.

गळती ओळखण्यावर सविस्तर प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टकटक येते आणि पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते. धातू फुगतो आणि फट तात्पुरती बुजते. मालक गाडी गॅरेजात आणतो तेव्हा ती तापलेली, मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घ्या. हीच टकटक टॅपेटची समजून टॅपेट लावले जातात. पद्मिनीच्या काळी तर हा घोळ रोजचा होता. रबरी नळीचे एक टोक कानाजवळ धरून दुसरे जोडाजवळून फिरवले की फरक कळतो. नळी तापलेल्या भागाला टेकवू नये. जोडाच्या कडेला काजळीचा काळा पंखा पसरलेला असेल तर नळीचीही गरज नाही. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी टाकले तर बुडबुडे जागा दाखवतात. नव्या गाड्यांत आवाजही नसतो, फक्त ॲव्हरेज पडते. वायू धक्क्याधक्क्याने जातो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली येतो, तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजतो, संगणकाला वाटते मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो. मालक इंजेक्टर साफ करून घेतो, सेन्सर बदलतो, आणि एवढा खर्च होऊनही गळती तिथेच राहते.

आवाज आणि ॲव्हरेज यांवर लोक पैसे खर्च करतात. ज्यावर आधी करायला हवा तो धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बॉनेटखाली गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा गाडीत येते, तिच्याबरोबर तोही येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. पावसात काचा लावून परळच्या पुलावर अर्धा तास अडकलेल्या गाडीत डोके दुखू लागले, मळमळले, तर एसीला दोष देण्याआधी काच खाली करा. शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. दुरुस्तीचा क्रम लावायचा झाला तर माझ्या हिशेबी हेडजवळची गळती ब्रेकच्या कामाच्या पंक्तीत बसते.

कायद्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा ठामपणे सांगितले, आणि मंजूर सीएनजी किट नोंदणी पुस्तकात चढवून घेतले तर ते चालते. आवाज वाढवण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून काढणाऱ्यांसाठी या पुस्तिकेत मदत नाही आणि पुढच्या आवृत्तीतही नसेल. गिरगावच्या चाळीत, केईएम रुग्णालयाच्या दारात लोक झोपलेले असतात. बाकी बदल ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावेत. केलेला बदल गळू नये आणि आतल्या माणसाला घुसमटवू नये, एवढेच या पानांचे काम.

पुस्तिका गॅरेज चालवणाऱ्यांसाठी, आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी, आणि आपली गाडी स्वतः उघडणाऱ्या मालकांसाठी आहे. टर्बोच्या गाड्या मुद्दाम वगळल्या आहेत. त्यांचा दाब आणि ताप वेगळा, त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे. तुटलेला स्टड काढण्याचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, कारण तिथेच हेडची सर्वाधिक नासाडी होते. घाईत ड्रिल तिरके जाते आणि पाचशेच्या कामाचे पन्नास हजार होतात. आकृत्या मोठ्या छापल्या आहेत, काळ्या बोटांनी पान उलटले तरी वाचता याव्यात म्हणून.

वाचकांना एक विनंती आहे. जळालेले पॅकिंग कचऱ्यात टाकू नका. कुठल्या सिलिंडरशी जळाले, आतून बाहेर की बाहेरून आत, हे त्याच्यावर स्पष्ट दिसते. मागच्या बाजूला गाडी, तारीख, किलोमीटर आणि इंधन मार्करने लिहा आणि खिळ्याला अडकवून ठेवा. एकाच गाडीची अशी दोन पॅकिंगे शेजारी धरली की तिसऱ्या वेळी काय शोधायचे ते बहुतेक वेळा तिथेच कळते. ज्यांच्याकडे पद्मिनीची जुनी पॅकिंगे किंवा सीएनजी केलेल्या टॅक्सीचे मॅनिफोल्ड अजून पडून आहे, त्यांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी फोटो आणि मापे प्रकाशकाकडे पाठवावीत. पुढच्या आवृत्तीत त्यांचे प्रकरण घालायचे आहे.